भिंतीवरचं पांढरं: लोणा कुठला आणि बुरशी कुठली

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात, सोप्याच्या उजव्या भिंतीवर दर उन्हाळ्यात पांढरा कापूस फुटतो. आई त्याला लोणा म्हणते. २०२१ च्या पुरानंतर रंगकामाला आलेल्या ठेकेदाराने त्याला बुरशी ठरवलं. ब्लीचिंगचं पाणी मारलं, वर प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले आणि पैसे घेऊन गेला. पुढच्या एप्रिलात पेंट पापडासारखा फुगला. नखाने टोचला तर आतून मूठभर पांढरी भुकटी फरशीवर सांडली.

आईचं बरोबर होतं. पण ठेकेदारालाही अगदीच वेड्यात काढता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी पांढऱ्या, दोन्ही लुसलुशीत दिसणाऱ्या आणि दोन्ही ओलीच्या मागे लागलेल्या.

लोणा म्हणजे निव्वळ क्षार. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, येताना मातीतले आणि विटेतले क्षार विरघळवून आणतं. पृष्ठभागावर आल्यावर पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. म्हणून लोणा भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत सापडतो, आणि ओलीची रेघ जिथे संपते तिथे सगळ्यात दाट असतो. बुरशीला जोत्याशी देणंघेणं नाही. ती कपाटामागे, न्हाणीघराच्या छताला, जिथे हवा खेळत नाही तिथे येते, आणि रंगातला चिकटा, धूळ, लाकूड, कागद असं काहीतरी खाऊन वाढते. लोणा काहीच खात नाही.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चिमूटभर पांढरं वाटीत घेऊन वर चमचाभर पाणी टाका. लोणा बहुतेक वेळा विरघळून जातो, बुरशी तरंगत राहते. बोटांत चिरडलं तर लोणा करकरतो, बुरशी लिबलिबीत होऊन डाग सोडते. बुरशीला कुबट वास असतो. गुजरीतल्या एखाद्या सोनाराकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर आणखी मजा: लोण्यात काचेच्या सुयांसारखे स्फटिक दिसतात, बुरशीत गुंतलेले धागे. जुनी माणसं जिभेला लावून बघायची. ते करू नका, जुन्या भिंतीत काय काय मुरलेलं असतं सांगता येत नाही.

आता ब्लीचिंगचं. पुरानंतर गल्लोगल्ली जी टीसीएल पावडर टाकतात, तीच ठेकेदाराने कालवली होती. बुरशीवर ती काम करते, निदान वरवर. पण तिचा क्लोरीन उडून गेल्यावर मागे कॅल्शियम क्लोराइड उरतं, आणि कपाटात ओल धरू नये म्हणून जे प्लास्टिकचे डबे ठेवतात त्यांत हाच क्षार भरलेला असतो. हवेतलं पाणी ओढून घेणं हाच त्याचा धंदा. म्हणजे ओल्या भिंतीला आम्ही पैसे देऊन आणखी क्षार पाजला.

क्षार पाणी ओढतो ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा आपोआप पाघळतं. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा आठवडेच्या आठवडे त्याहून दमट असते. त्यामुळे कुठेही गळती नसताना भिंतीला घाम फुटतो आणि घरमालक वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करतो. हवा कोरडी झाली की क्षार परत स्फटिक होतो आणि छिद्राच्या आतून ढकलायला लागतो. सोडियम सल्फेट यात सगळ्यात वाईट. कोरड्या रूपातून पाणी धरलेल्या रूपात जाताना त्याचं आकारमान चौपट होतं. विटेचे ढलपे पडतात ते या रेट्याने. आणि वर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट असला तर पाणी पृष्ठभागाच्या मागेच अडतं, स्फटिक तिथेच वाढतात आणि सगळा थर उचलून टाकतात. चुन्याच्या गिलाव्यातून भिंत श्वास घेते असं जुने गवंडी म्हणायचे, त्याचा अर्थ एवढाच.

इथवर मामला सरळ आहे: एक निर्जीव, एक सजीव. घोळ पुढे आहे.

मागे एका ओळखीच्या चप्पल कारागिराच्या जुन्या गोदामात गेलो होतो. तिथे पूर्वी मिठात मुरवलेली कातडी रचून ठेवत. भिंतीला लोणा होता, पण कोपऱ्यातला पांढरा नव्हता. फिकट गुलाबी, कुणी गुलाल झटकल्यासारखा. कारागीर म्हणाला, "ते लाल कातड्यावर पण यायचं. आलं की माल गेला म्हणून समजायचं."

त्याने सांगितलेला रोग चामड्याच्या धंद्यात जगभर माहीत आहे. मीठ लावलेल्या कातड्यावर लाल चट्टे पडतात आणि ते आणणारे सूक्ष्मजीव बऱ्याचदा मिठासोबतच मिठागरातून आलेले असतात. यांना मीठ सहन होतं असं म्हणणं कमीच, त्यांना ते हवंच असतं. समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे साडेतीन टक्के. हे वीस-पंचवीस टक्क्यांत खुशाल वाढतात. ज्या मिठाच्या भरवशावर आपण लोणचं वर्षभर टिकवतो, तिथे यांचं बिऱ्हाड. बहुतेकांना गोड्या पाण्यात टाकलं तर पेशीच फुटते. गुलाबी रंग त्यांच्या अंगातला, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातला. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हाही याच जातीचे जीव निघाले.

भिंतींवरही ते राहतात. ऑस्ट्रियातल्या हर्बरश्टाइन गढीच्या प्रार्थनागृहात मध्ययुगीन भित्तिचित्रं आहेत. तिथल्या क्षार धरलेल्या भिंतींतून संशोधकांनी असे क्षारप्रेमी जिवाणू वेगळे काढले. युरोपात अशा गुलाबी डागांचा अभ्यास बराच झाला आहे. हे जीव छिद्रांत बुळबुळीत थर धरतात, त्याने भिंत वाळायला वेळ लागतो, आणि रंगद्रव्य दगडात उतरलं की जीव मेल्यावरही डाग जात नाही. तरी माझ्या मते भिंत फोडण्याचं मुख्य काम क्षाराचंच. गुलाबी पाहुणे त्याच्या घरात राहून त्याला हातभार लावतात.

काही वेळा मात्र उलटं असतं, जीवच क्षार तयार करतात. आमच्या सोप्याच्या त्या भिंतीला लागून आजोबांच्या काळी म्हशींचा गोठा होता. गोमूत्रातल्या अमोनियाचं जमिनीतले जिवाणू नायट्रेट करतात. जुन्या गोठ्यांच्या मातीतून पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत, तोही एक नायट्रेटच, असाच तयार झालेला. गोठा मोडून चाळीस वर्षं झाली, नायट्रेट अजून भिंतीच्या पायात आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुराने भिंत आतपर्यंत भिजवली आणि ते सगळं परत वर आणलं.

म्हणून गुलाबी लोणा दिसला तर आधी मारायचं औषध शोधू नये. जीव मेले तरी क्षार तिथेच, आणि मेलेल्या पेशी पुढच्यांना खाद्य. क्षार कमी केला तर त्यांचं घरच जातं. साध्या बुरशीचं वेगळं: ती पुसा, खिडकी उघडी ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, झालं.

लोण्याला मेहनत आहे. भिंत पाण्याने धुवायची नाही, धुतलं की क्षार पुन्हा आत. आम्ही सिमेंटचा गिलावा उतरवला. आता एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत मऊ ब्रशने लोणा झाडतो, खाली वर्तमानपत्र अंथरून. मग कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून भिंतीवर थापतो. तो वाळताना क्षार स्वतःत ओढून घेतो, सुकला की सोलून काढायचा, परत नवा थापायचा. तिसऱ्या खेपेनंतर फरक दिसला. शेवटी चुन्याचा गिलावा करायचा आहे, तोही काही वर्षांनी क्षाराने खराब होणार आणि परत काढावा लागणार, हे धरूनच.

पहिल्या वर्षी झाडलेला लोणा मी वर्तमानपत्रात गुंडाळून परड्यात ओतायला निघालो होतो. आईने दारातच अडवलं. "अरे, तुळस आहे तिथं. आणि पाऊस पडला की ते सगळं परत ह्याच भिंतीत येणार."