विचित्र कायद्यांच्या दंतकथांचे मूळ

इंग्लंडमधील चेस्टर शहरात मध्यरात्रीनंतर वेल्श माणूस आढळल्यास त्याला धनुष्यबाणाने मारण्याची कायदेशीर मुभा आहे, ही माहिती इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरत आहे. ती खोटी असली, तरी निराधार नाही. वेल्सचा नेता ओवेन ग्लिन्डॉर याने १४०० मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध बंड पुकारले आणि ते भडकल्यावर, १४०३ मध्ये, युवराज हेन्रीने (पुढे राजा झालेल्या पाचव्या हेन्रीने) वेल्श लोकांना सूर्यास्तानंतर चेस्टरमध्ये थांबण्यास मनाई केली. हुकूम मोडणाऱ्यास शिरच्छेदाची शिक्षा होती. धनुष्यबाण आणि मध्यरात्र ही मागाहून पडलेली भर होय. बंडाच्या धामधुमीतील हा हुकूम आज कोणालाही खुनाच्या आरोपातून वाचवू शकत नाही.

इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगाने २०१३ मध्ये अशा दाव्यांची छाननी करणारे टिपण प्रसिद्ध केले. या दंतकथा बहुधा कोणी शून्यातून रचलेल्या नसतात. खऱ्या तरतुदीचा काळ, संदर्भ किंवा शिक्षा गळून पडते आणि उरलेला अवशेष चालू कायदा म्हणून मिरवतो. लंडनच्या टॅक्सीत गवताची पेंढी ठेवणे बंधनकारक आहे, हा दावा त्याच जातीचा. तसे बंधन कधीच नव्हते. १८३१ च्या कायद्याने घोडागाडीवाल्यांना रस्त्यात घोड्याला पिशवीतून दाणा किंवा हाताने गवत भरवण्याचीच परवानगी दिली होती, आणि ते कलमही १९७६ मध्ये रद्द झाले. नाताळला मिन्स पाय (सुक्या फळांचे गोड सारण भरलेला पदार्थ) खाणे बेकायदा आहे, हेही तसेच: पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळचा सणच रद्द केला होता, पण १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर ते अध्यादेश निष्प्रभ ठरले.

अमेरिकेतील उदाहरण अधिक बोलके आहे. अर्कान्सास राज्याचे नाव चुकीचे उच्चारणे हा तेथे गुन्हा असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात विधिमंडळाने १८८१ मध्ये ‘आर्कन्सॉ’ हा उच्चार मान्य करणारा ठराव केला आणि अन्य उच्चारांना उत्तेजन देऊ नये एवढेच म्हटले. दंड नाही, तुरुंगवास तर नाहीच. याउलट जॉर्जियातील गेन्सव्हिल शहराचा, तळलेले चिकन हातानेच खावे असा १९६१ चा नियम खरा आहे, मात्र तो कुक्कुटपालनाच्या या शहराच्या प्रसिद्धीसाठी, गंमत म्हणून केलेला होता.

काही विचित्र वाटणारी कलमे मात्र पूर्ण खरी आणि गंभीरही असतात. ब्रिटनमधील १९८६ च्या सॅमन कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार ‘संशयास्पद परिस्थितीत’ सॅमन मासा हाताळणे हा गुन्हा आहे. हे शब्द वाचून हसू येते, परंतु कलमाचा रोख बेकायदा पकडलेल्या माशांची विल्हेवाट लावणाऱ्यांवर आहे.