प्रतिकारपेशींच्या संकेतवहनातील आनुवंशिक दोष

प्रतिकारपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) मिळालेला संदेश केंद्रकापर्यंत पोहोचवणारे एखादे प्रथिन जन्मजात उत्परिवर्तनामुळे नसणे, लुळे पडणे किंवा गरजेपेक्षा जास्त काम करणे. जन्मजात प्रतिकारदोषांचे साडेचारशेहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. त्यांतला एक मोठा गट या बिघाडाचा. साखळीतली कोणती कडी तुटली यावर मुलाला कोणता जंतू गाठणार आणि कोणता उपचार लागू पडणार, हे बरेचसे ठरते.

सायटोकाइन (पेशींमधला निरोप्या रेणू) ग्राहीला चिकटले की ग्राहीच्या आतल्या शेपटीवरची जॅक कायनेजे (फॉस्फेट चढवणारी विकरे) जागी होतात आणि शेपटीवर फॉस्फेट चढवतात. तिथे स्टॅट नावाची निरोप पुढे नेणारी प्रथिने येऊन बसतात, त्यांच्यावरही फॉस्फेट चढतो, मग ती जोडीने केंद्रकात जाऊन जनुके चालू करतात. आयएल (इंटरल्यूकिन) गटातल्या २, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा सायटोकाइनांच्या ग्राहींत एकच गॅमा साखळी समाईक असते. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडले की आयएल-७चा संदेश न पोहोचल्याने टी-पेशी आणि आयएल-१५चा न पोहोचल्याने एनके-पेशी (दोन्ही जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होत नाहीत. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी मोजणीत दिसतात, पण त्यांच्याकडून उपयोगी प्रतिपिंडे होत नाहीत. या साखळीला जोडलेले जॅक-३ बिघडले तरी चित्र हेच. मात्र ते जनुक १९व्या गुणसूत्रावर असल्याने मुलींनाही आजार होतो.

ब्रूटन यांनी १९५२ साली वर्णिलेल्या आजारात बीटीके हे कायनेज बिघडलेले असते; जनुक १९९३ साली सापडले. अस्थिमज्जेतली बी-पेशी प्रौढ होण्यासाठी तिच्या ग्राहीचा संदेश बीटीकेमार्फत पुढे जाऊन कॅल्शियम वाढावे लागते. ते न झाल्याने पेशी अर्ध्यावरच थांबते. आईकडून आलेली प्रतिपिंडे संपेपर्यंत, म्हणजे पहिले सहाएक महिने, बाळ बहुधा ठणठणीत असते. नंतर कान फुटणे, न्यूमोनिया सुरू होतात. अशा मुलाच्या घशात टॉन्सिल जवळजवळ दिसतच नाहीत. ही खूण फुकटची आहे आणि ती पाहायची राहून जाते.

इंटरफेरॉन-गॅमा या सायटोकाइनच्या ग्राहीचा एक दोष तपासणीला चकवतो. जनुकातली चार अक्षरे गळून ग्राहीची शेपटी तुटते. त्याबरोबर स्टॅट-१ बसण्याची जागा जाते आणि ग्राहीला पृष्ठभागावरून परत आत ओढणारा भागही जातो. त्यामुळे निकामी ग्राही पृष्ठभागावर साचत राहतात आणि चांगल्यांशी जोडी जमवून त्यांनाही अडवतात. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची प्रथिने मोजणाऱ्या चाचणीत) ग्राही कमी नव्हे, उलट जास्त दिसतात. म्हणून नुसती मोजणी पुरत नाही. इंटरफेरॉन देऊन स्टॅट-१वर फॉस्फेट चढतो का, ते पाहावे लागते. या रुग्णांना बीसीजी आणि तत्सम जंतूंचे संसर्ग होतात. स्टॅट-१ अतिसक्रिय असेल तर मात्र तोंडात बुरशीचा पांढरा थर पुन्हा पुन्हा येतो. तिथे जॅक-रोधक औषधे वापरली जातात.

पहिली शंका साध्या सीबीसीवरूनच (रक्तपेशींच्या मोजणीवरूनच) यावी. समजा, दर मायक्रोलिटरला एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि लिंफोसाइट (टी, बी आणि एनके-पेशी मिळून) २५ टक्के, म्हणजे १,५००. अहवालावर छापलेली मर्यादा पुष्कळदा प्रौढांची असते, त्यामुळे हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून सुटतो. तान्ह्या बाळात ३,०००च्या खाली धोका समजावा. पुढच्या तपासणीचा नमुना बाळाला रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) देण्याआधी घ्यावा आणि फ्रिजमध्ये ठेवू नये. बडोद्यातला नमुना असेल तर मुंबई रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत नमुना त्याच दिवशी पोहोचवता येतो.

बडोद्यातल्या मराठी घरांत वंशावळ विचारताना कुलवृत्तांतावर विसंबू नये. त्यात बापाकडची शाखा असते. एक्स-निगडित आजार आजोळाकडून येतो. तान्हेपणी गेलेले मामा आणि मावशांचे मुलगे नाव घेऊन विचारावेत. काही मराठी जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते. गोत्र वेगळे असले तरी अशा जोडप्याची सरासरी एक अष्टमांश जनुके सारखी असतात, आणि जॅक-३सारखे अप्रभावी दोष (आई-बाप दोघांकडून आले तरच आजार करणारे) तिथे जुळून येतात.

बीटीके दोषात दर ३ ते ४ आठवड्यांनी किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. १० किलोच्या मुलाला ४ ते ६ ग्रॅम. गॅमा साखळी आणि जॅक-३ दोषांत मूळपेशी प्रत्यारोपण साडेतीन महिन्यांच्या आत, संसर्ग होण्यापूर्वी झाले तर यश सर्वाधिक. तोवर रक्त द्यावे लागले तर इरॅडिएट (किरणोत्साराने प्रक्रिया) केलेलेच द्यावे. इंटरफेरॉन-गॅमाची इंजेक्शने आयएल-१२ ग्राहीच्या दोषात उपयोगी पडतात. इंटरफेरॉनचाच ग्राही पूर्ण निकामी असेल तर व्यर्थ. घरातले आधीचे मूल अशा संसर्गाने दगावले असेल, तर पुढच्या बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी थांबवाव्यात. बीसीजी जन्मतःच टोचली जात असल्याने हे प्रसूतीपूर्वीच रुग्णालयाला लेखी कळवावे.