चेंडू भरकटतो तो पावलात

गोलंदाजाची दिशा बिघडली की सगळे त्याच्या मनगटाकडे बघतात. बिचारं मनगट बऱ्याचदा निर्दोष असतं. इकडच्या पॉपिंग क्रीजपासून (स्टंपांपुढच्या आडव्या रेषेपासून) समोरच्या पॉपिंग क्रीजपर्यंत 17.68 मीटर. चेंडू सुटताना कोन अवघा एक अंश चुकला, तरी फलंदाजापाशी तो सुमारे 31 सेंटिमीटर बाजूला जातो. तीन स्टंपांची मिळून रुंदी मात्र 22.86 सेंटिमीटर. हा एक अंश हाताच्या कितीतरी आधी, पायांत चुकलेला असतो.

रनअपचंच बघा. पंधरा पावलांत दर पाऊल 2 सेंटिमीटर लांब पडलं, तर क्रीजवर 30 सेंटिमीटर जास्तीचे होतात. मग गोलंदाज शेवटची दोन पावलं आखडतो आणि वेग मरतो. तो मागे राहिला, तर ढांग टाकतो. डोकं मागे राहतं आणि टप्पा हलतो. 2017च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात फखर झमान 3 धावांवर असताना बुमराच्या चेंडूवर झेल गेला, पण पाऊल रेषेपुढे पडलं होतं, म्हणून नो-बॉल ठरला आणि तो वाचला. फखरने 114 केल्या. नेटमध्ये नो-बॉल कोणी मोजत नाही, तिथेच ही सवय मुरते.

रनअप मोजायचा तो उलटा. पॉपिंग क्रीजवर फलंदाजाकडे पाठ करून उभं राहा, नेहमीच्या लयीत पळा आणि वाटेल तिथे चेंडू सोडा. पुढचा पाय पडला तिथे साथीदाराने फक्कीची खूण करायची. सहा-सात वेळा करा, खुणा जिथे दाटतील ती तुमची जागा. अंतर टेपने मोजा. पावलांनी मोजलेलं अंतर दमल्यावर बदलतं. पहिलं पाऊल दर वेळी त्याच पायाचं हवं. समोरून जोराचा वारा असेल तर पावलं आखूड पडतात, त्या दिवशी खूण पुन्हा तपासा.

आता मागचा पाय. तो क्रीजला समांतर पडत असेल तर कंबर आणि खांदेही आडवे हवेत. बोटं फलंदाजाकडे असतील तर छातीही तिकडेच. पाय एकीकडे आणि खांदे दुसरीकडे, ही मिश्र शैली सगळ्यात वाईट. कणा पिळला जातो, आणि तरुण वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यात दिसणाऱ्या स्ट्रेस फ्रॅक्चरशी (वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेशी) तिचा संबंध आढळला आहे.

पुढचा पाय मागच्या पायाच्या आणि लक्ष्याच्या रेषेतच पडावा. तो रेषा ओलांडून आडवा पडला की कंबर अडते, हाताला शरीराला वळसा घालून यावं लागतं. या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त भार येतो. गुडघा ताठ राहिला तर पाय थांबतो, धड त्याच्यावरून पुढे फिरतं आणि पळण्याचा वेग चेंडूत उतरतो. भालाफेकीतही हेच घडतं. गुडघा दुमडला तर वेग तिथेच जिरतो, हात खाली येतो आणि टप्पा बदलतो. पण शाळकरी मुलांना ‘गुडघा ताठ ठेव’ म्हणून ओरडू नये. मांड्या आणि पोटाचे स्नायू तयार नसताना तो भार कमरेला सोसावा लागतो.

डोकं चार-पाच किलोंचं. ते पुढच्या पायाच्या वर राहिलं तर तोल राहतो, बाजूला कललं की अख्खं धड त्यामागे जातं.

सरावाला आधी पुढचा-मागचा पाय रोवून जागेवरूनच सहा चेंडू टाका. मग एका पावलाने सहा, मग तीन पावलांनी. दिशा जिथे सुटेल त्याच्या आधीच्या टप्प्यावर परत या. चेंडू सोडल्यावर दोन-तीन पावलं सरळ जाऊ द्या, मगच बाजूला व्हा. मात्र खेळपट्टीच्या मधल्या जपायच्या पट्ट्यात शिरू नका, पंच हटकतील.

मोबाइल कमरेच्या उंचीवर, बरोबर मागे ठेवा. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत जेमतेम दशांश सेकंद जातो. नेहमीच्या व्हिडिओत त्याच्या तीनच फ्रेम मिळतात, सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चोवीस. त्यात आधी पाऊल बघा, मग गुडघा, मग डोकं. मनगट शेवटी.