स्वयंचलित गिअरबॉक्समधील गचके : निदान

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलताना बसणारा जोराचा धक्का आणि त्याचे कारण शोधण्याची रीत. विदर्भाच्या ग्रामीण भागात ही तक्रार बहुधा ‘गाडी गचके देऊन रायली’ एवढ्याच शब्दांत गॅरेजपर्यंत पोचते आणि मिस्त्रीचा हात लगेच पान्याकडे जातो. आधी विचारायला हवे ते असे : गचका कोणत्या गिअरला बसतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, आणि धक्क्याच्या आधी इंजिनाचा आवाज चढतो का. निम्मे निदान या उत्तरांतच होते.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. दाब किती ठेवायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर सोलेनॉइड व्हॉल्व्हमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेमार्फत, ठरवतो. दाब गरजेपेक्षा जास्त असला तर चकत्या एकदम पकडतात आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) न उसळता थेट धक्का बसतो. दाब कमी असला किंवा चकत्या झिजल्या असल्या तर आधी त्या घसरतात, इंजिन क्षणभर मोकळे ओरडते आणि मग धाडकन गिअर बसतो. आतल्या माणसाला दोन्ही गचके सारखेच वाटतात, पण उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात बहुधा वायरिंग, सेन्सर किंवा सोलेनॉइडकडे पाहावे लागते, दुसऱ्यात तेलाकडे आणि चकत्यांकडे.

दाबाच्या सोलेनॉइडची रचना सहसा अशी असते की वीज तुटली तर दाब कमाल व्हावा, म्हणजे चकत्या घसरून जळत नाहीत. त्यामुळे एखादी वायर तुटली तरी सगळेच गिअर आदळू लागतात. बऱ्याच गाड्या तर एकाच, अनेकदा तिसऱ्या, गिअरमध्ये अडकून राहतात. गावात गाडी गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते, तिथे वायर तुटण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. सुगीनंतर उंदीर बॉनेटखाली शिरतात. गिअरबॉक्सकडे जाणारी वायरची जुडी हाताने चाचपून पाहणे हे सर्वांत स्वस्त निदान आहे, आणि नेमके तेच वगळले जाते.

तेलाची तपासणी दिसते तेवढी सोपी नाही. नव्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते. गाडी सपाटीवर उचलून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना पातळीचा नट उघडायचा असतो. अनेक मॉडेलांत हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. तेलाची बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. आता मे महिन्यातले अकोला, चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी घ्या. दुपारची हवाच अनेकदा ४५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे उन्हात उभी गाडी सुरू करायच्या आधीच या मर्यादेला टेकलेली असते. गरम तेल फुगलेले असते, नटातून जास्तीचे वाहून जाते, ‘तेल जास्त होतं’ असा निष्कर्ष निघतो आणि गाडी कमी तेलावर घरी जाते. दुसऱ्या दिवशी थंड गाडी ‘डी’मध्ये (पुढे जाण्याच्या गिअरमध्ये) टाकली की आधी काहीच होत नाही, मग दणका बसतो. या भागात उन्हाळ्यात हे काम सूर्य वर येण्याआधी करावे आणि तापमान स्कॅनरवर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्रावर) पाहूनच नट उघडावा.

एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, बहुधा लाल असते. तपकिरी-काळे झालेले, करपल्याचा वास येणारे तेल म्हणजे चकत्या तापल्या आहेत. दुधाळ गुलाबी तेल म्हणजे आत पाणी गेले आहे, एक तर रेडिएटरमधल्या कूलरच्या गळतीतून, नाहीतर पुरात नाला ओलांडताना ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून). पाण्याने चकत्यांचे अस्तर सुटू लागते, म्हणून अशी गाडी पुढे चालवूच नये. तळाच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे नेहमीचे आहे. चमकते तुकडे मात्र नाहीत. पांदण रस्त्यावर दगड लागून तेलाचे भांडे चेपले असेल तर फिल्टरची वाट अडून तेलाचा दाब कमी होतो. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली गाडी काढायला ‘डी’ आणि ‘आर’ (रिव्हर्स) आलटून-पालटून टाकत वेगाने चाके फिरवली, तर थोड्या मिनिटांतच तेल तापते. मालक हे स्वतःहून सांगत नाही, विचारावे लागते.

फक्त ‘पी’मधून (पार्किंगमधून) ‘डी’ किंवा ‘आर’ टाकताना धक्का बसत असेल तर गिअरबॉक्सच्या आधी इंजिनाचे माउंटिंग आणि आयडल आरपीएम (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे) पाहावे. चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक घट्ट दाबून एकाने गिअर बदलायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उचलले जाते ते पाहायचे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधला (सांध्यातला) ढिलेपणाही असाच दणका देतो.

स्कॅनरबाबत एक सावधगिरी. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा इंजिनाचाच कॉम्प्युटर वाचतो. त्यात दिसणारा पी०७०० हा कोड एवढेच सांगतो की तक्रार गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेली आहे. खरा कोड, जसे पी०७१५ (आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा सेन्सर) किंवा पी०७४८ (दाबाच्या सोलेनॉइडचे विद्युत परिपथ), तिथूनच काढावा लागतो. तो वाचण्याआधी बॅटरीचे टर्मिनल काढू नये. काही गाड्यांत त्याने कोड आणि कॉम्प्युटरने चालवता चालवता शिकलेली मापे दोन्ही पुसली जातात. गाडी काही दिवस वेगळीच चालते आणि तक्रार मिटली की लपली ते कळत नाही.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) हा वेगळाच प्रकार. भारतात तो २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून सर्वसामान्यांपर्यंत आला. आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच आणि गिअर यंत्र हलवते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थोडी डुलकी, म्हणजे गाडीने पुढे-मागे डुलणे, हा त्याचा स्वभावच आहे, दोष नाही. ती अचानक वाढली तर क्लचची झीज आणि क्लचच्या पकडीचे माप पाहावे. ड्राय क्लच (तेलात न बुडलेला क्लच) असलेल्या डीसीटीत, म्हणजे दोन क्लचांच्या गिअरबॉक्समध्ये, परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात रांगेत सरकताना बसणारे गचके बहुधा तापलेल्या क्लचचे असतात आणि गाडी थंड झाल्यावर जातात. थंड झाल्यावरही राहिले तर तपासणी लागते.

निदान तालुक्याच्या गावी संपले नाही तर गाडी नागपूर किंवा अमरावतीला न्यावी लागते, आणि इथे ट्रॅक्टरला दोर बांधण्याचा मोह होतो. इंजिन बंद असले की आतला तेलाचा पंपही बंद असतो, त्यामुळे चालवणारी चाके जमिनीवर ठेवून लांब ओढलेल्या गाडीचे बेअरिंग आणि गिअर कोरडे फिरतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर निदान तेवढी चाके तरी उचलून न्यावीत. चारही चाकांवर चालणारी असेल तर ती उघड्या पाटाच्या गाडीवर चढवणे हाच मार्ग उरतो.