चार ऋतूंच्या रंगपेट्या आल्या कुठून?

रील्सवर सध्या एक प्रकार जोरात चालतो. खुर्चीत एक बाई बसलेली, केस पांढऱ्या टोपीत झाकलेले, चेहऱ्यावर मेकअपचा मागमूस नाही. मागून कुणीतरी तिच्या हनुवटीखाली एकेक रंगाचं कापड टाकतं आणि ओढून घेतं. मोहरी, फिका गुलाबी, शेवाळी, गर्द निळा. शेवटी तिला शोभणाऱ्या रंगांचा ‘ऋतू’ जाहीर होतो: ‘सॉफ्ट ऑटम’ किंवा ‘ट्रू विंटर’. मग कपडे त्या ऋतूचे, लिपस्टिक त्या ऋतूची, आणि कपाटातलं बाकीचं सामान ज्याला हवं त्याला. कोरियात सोलला जाणारे पर्यटक यासाठी आधीपासून वेळ घेऊन ठेवतात, मुंबई-पुण्यातही इमेज कन्सल्टंट हे काम करतात. प्रकार अगदी ताजा वाटतो, पण त्याची मुळं जवळपास दोनशे वर्षं मागे, पॅरिसच्या एका विणकामाच्या कारखान्यात सापडतात.

गोबेलाँ हा फ्रान्सचा सरकारी कारखाना, भिंतीवर टांगायचे चित्रांचे गालिचे विणणारा. १८२४ मध्ये तिथल्या रंगखात्यावर मिशेल यूजेन शेव्रल या रसायनतज्ज्ञाची नेमणूक झाली. चरबीच्या रसायनशास्त्रात त्याचं नाव आधीच झालं होतं. इथं आल्यावर पुढ्यात पडल्या तक्रारी. त्यातली एक जरा चमत्कारिक होती: निळ्या-जांभळ्या भागात सावली दाखवायला वापरलेला काळा धागा काळा दिसतच नाही, विटका दिसतो. शेव्रलने इतर नामांकित रंगाऱ्यांकडची काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. गोबेलाँची लोकर कुठंच कमी नव्हती. रंगात खोट नव्हतीच, खोट शेजाऱ्यात होती. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो, हे त्याने पुढची कित्येक वर्षं प्रयोग करून मांडलं आणि १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला.

या ग्रंथात बागेतल्या फुलांच्या वाफ्यांपासून सैनिकांच्या गणवेशापर्यंत सगळं आहे, आणि बायकांच्या कपड्यांवरही एक सविस्तर भाग आहे. त्यातले सल्ले आजच्या कुठल्याही ‘कलर एक्स्पर्ट’च्या तोंडी शोभतील. गुलाबी कापड थेट गोऱ्या-गुलाबी गालाला भिडवू नका, गालाची लाली मारली जाते. मध्ये झिरझिरीत जाळीची झालर तरी घाला. चेहरा निस्तेज असेल तर फिका हिरवा घ्या, तो कातडीला गुलाबीकडे नेतो. जांभळा गोऱ्या कातडीला हिरवट-पिवळी झाक देतो, म्हणून जपून. सावळ्या आणि तांबूस कातडीचाही त्याने वेगळा विचार केला होता, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. (शेव्रल १०२ वर्षं जगला. आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावं कोरली आहेत, त्यात तोही आहे.)

शेव्रलचे नियम घराघरात पोचायला कारण झाला एक अठरा वर्षांचा पोरगा. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेला हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग. व्हिक्टोरिया राणीने १८५८ मध्ये लेकीच्या लग्नात त्या छटेचा पोशाख घातला आणि फॅशनचं वारं सुटलं. पाठोपाठ किरमिजी, निळे, हिरवे असे एकाहून एक भडक रंग आले, तेही स्वस्तात. कापडाचा रंग ठरवायला आधी खिसा पुरेसा होता, आता डोकं लावावं लागू लागलं. मध्यमवर्गीय बाईला ‘मला काय शोभेल’ हा प्रश्न पडला आणि स्त्रियांच्या मासिकांनी शेव्रलचे नियम सोपे करून छापायला घेतले: सोनेरी केसांना हे, काळ्या केसांना ते.

केसांच्या रंगावरून माणसं वाटण्याची ही सवय पुढे हॉलिवूडने पक्की केली. मेकअपचं सामान बनवणाऱ्या मॅक्स फॅक्टरने १९३५ मध्ये तिथं उघडलेल्या सलूनमध्ये चार वेगळ्या खोल्या होत्या: सोनेरी केसांच्या बायकांसाठी निळी, गडद केसांच्या बायकांसाठी गुलाबी, लाल केसांवाल्यांसाठी हिरवी आणि फिक्या तपकिरी केसांवाल्यांसाठी पीच रंगाची. भिंती अशा रंगवलेल्या की आत बसलेलीचा चेहरा खुलावा. आमच्या कुणाला तिथं नेलं असतं तर एकाच खोलीत दाटी झाली असती.

ऋतू या गोष्टीत आले ते एका चित्रकारामुळे. योहानेस इटेन हा स्विस शिक्षक १९१९ ते १९२३ जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत होता. डोकं तासलेलं, अंगात झगा, विद्यार्थ्यांना चित्रं काढायच्या आधी श्वासाचे व्यायाम. नंतर बर्लिनमध्ये त्याने स्वतःची शाळा काढली. १९२८ मधला एक वर्ग त्याने पुढे आपल्या पुस्तकात वर्णन केला आहे. तो सुसंवादी रंगसंगतीचा धडा देत होता आणि विद्यार्थी कुरकुर करू लागले, या संगती आम्हाला पटत नाहीत. इटेन म्हणाला, मग तुम्हाला पटतील त्या करा. तासाभराने कागद जमिनीवर मांडले तर प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा. इटेनने एकेक कागद उचलून ज्याचा त्याच्या हातात दिला तेव्हा त्याला दिसलं, की कागदावरचे रंग आणि समोरच्या माणसाची कातडी, केस, डोळे यांचं काहीतरी नातं आहे. काळे केस, काळे डोळे असलेलीच्या कागदावर काळा रंग मुख्य होता.

इटेनने वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा यांच्या रंगसंगतीही मांडल्या. म्हणून ‘ऋतूंचा सिद्धांत इटेनचा’ असं सगळीकडे सरसकट लिहिलेलं आढळतं. मला हे निम्मंच खरं वाटतं. इटेन बघत होता माणसाच्या आतून कुठले रंग येतात ते. कुणी कुठला ब्लाउज घालावा हा त्याचा विषय नव्हता. चित्रकाराच्या स्वभावाबद्दलचं निरीक्षण खरेदीचा सल्ला बनलं ते अटलांटिकपलीकडे, कॅलिफोर्नियात.

तिथं सुझान केगिल ही टोप्या आणि पोशाख तयार करणारी बाई १९४० च्या दशकापासून गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या स्वतःच्या रंगांच्या पट्ट्या बनवत होती. ऋतू चारच, पण प्रत्येक ऋतूत तिला पोटभेद दिसत. काम सावकाशीचं, एकेका माणसाचं. १९८० मध्ये कॅरोल जॅक्सन यांचं पुस्तक आलं आणि सगळं बदललं. ‘कलर मी ब्यूटिफुल’च्या लाखो प्रती खपल्या. जॅक्सन यांनी चार ऋतू सोपे, सुटसुटीत करून टाकले: वसंत म्हणजे उबदार आणि हलके रंग, उन्हाळा म्हणजे थंड आणि सौम्य, शरद म्हणजे उबदार आणि मातकट, हिवाळा म्हणजे थंड आणि कडक. घरबसल्या परीक्षा घ्यायची, पर्समध्ये मावेल अशी कापडाच्या तुकड्यांची पट्टी ठेवायची, दुकानात ती काढून ताडायची. त्या काळात अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने कचेऱ्यांत जात होत्या. कमी पैशात नोकरीला साजेसे, एकमेकांशी जुळणारे कपडे कसे जमवायचे याचं तयार उत्तर त्यांना मिळालं. प्रशिक्षित सल्लागार बायका मैत्रिणींच्या बैठका भरवून रंग ठरवून देऊ लागल्या. १९८४ मध्ये पुरुषांसाठीही पुस्तक निघालं.

आणि ‘कलर मी ब्यूटिफुल’मध्ये आपण कुठं बसत होतो? जवळजवळ सगळे हिवाळ्यात. भारतीय, आफ्रिकी, पूर्व आशियाई, बहुतेकांना एकाच पेटीत टाकून मोकळं. कारण उघड आहे: पेट्या बनवताना डोळ्यांसमोर होते युरोपीय वंशाचे चेहरे, जिथं केस सोनेरी ते काळे आणि डोळे निळे ते तपकिरी असतात. जिथं केस-डोळे बहुतेकांचे काळेच, तिथं या चाळणीतून काहीच गळत नाही. घाऱ्या डोळ्यांच्या एखाद्या चित्पावन बाईला कदाचित दुसरी पेटी मिळाली असती, बाकी वऱ्हाडापासून कोकणापर्यंत सगळा हिवाळाच. जीन पॅटन यांनी १९९१ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं ते याच त्रुटीमुळे.

चारांचे बारा ऋतू झाले तेही पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणूनच. अमेरिकन चित्रकार-शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंग मोजायची एक पद्धत दिली होती: रंग कुठला, तो हलका की गडद, आणि त्यात जोर किती. कॅथरिन कॅलिश यांच्या ‘सायआर्ट’ पद्धतीने हाच पाया धरला आणि प्रत्येक ऋतूचे तीन भाग केले. साडीच्या भाषेत सांगायचं तर आंबा आणि लिंबू हे दोन्ही पिवळेच, पण पहिला उबदार आणि दुसरा थंड. डाळिंबी आणि अबोली यांत फरक गडद-हलक्याचा. राणी आणि जुन्या गुलाबासारखा गुलाबी यांत फरक जोराचा. आपल्या साडीच्या दुकानातला नोकर हे तिन्ही फरक पुस्तक न वाचता ओळखतो. पदर खांद्यावर टाकून ‘ताई, आरशात बघा’ म्हणतो, आणि चोखंदळ गिऱ्हाईक ट्यूबलाइटवर भरवसा न ठेवता साडी घेऊन दुकानाच्या दारात उजेडात जातं.

जपानमध्ये हेच वर्गीकरण पिवळा पाया आणि निळा पाया अशा दोन शब्दांवर आलं. कोरियात ‘पर्सनल कलर’ नावाने त्याचा मोठा धंदा झाला, लिपस्टिकवर वॉर्म टोन-कूल टोन लिहून येऊ लागलं. तिथून ते मोबाइलवर, आणि मोबाइलवरून आपल्याकडे.

सोबत आल्या त्या घरगुती परीक्षा. मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या? गव्हाळ कातडीवर त्या धड दिसतात तर खरं. तुम्हाला सोनं शोभतं की चांदी? ज्या घरात बारशालाच सोन्याचा मणी बांधतात तिथं सोनं शोभत नाही असं कोण कबूल करणार! शिरांचा रंगही रक्ताचा नसून कातडीतून प्रकाश कसा विखुरतो त्याचा परिणाम आहे.

तरीही या पद्धतीतली एक गोष्ट मला आपल्यासाठी मोलाची वाटते. लग्नाच्या जाहिरातींत आपली कातडी गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी उतरत्या भांजणीने लिहिली जाते. १९७५ मध्ये आलेली ‘फेअर अँड लव्हली’ याच शिडीवर विकली गेली. नावातला ‘फेअर’ गेला तो थेट २०२० मध्ये. ‘सावळीने भडक घालू नये’ हा सल्ला कित्येक घरांत मुली अजून ऐकतात. ऋतूंच्या भाषेत ही शिडीच नाही. तिथं प्रश्न उबदार की थंड हा असतो, आणि गडद कातडी, काळे केस असतील तर उत्तर बहुधा गर्द, ठसठशीत रंगाकडेच जातं. जॅक्सन यांच्या हिवाळ्यात आपल्याला एकगठ्ठा कोंबलं हे खरं, पण त्या हिवाळ्यात राणी, मोरपंखी आणि लालभडक होते.

हनुवटीखालचं कापड खरंच काही करतं का? करतं, आणि गंमत अशी की दोन उलट गोष्टी एकदम करतं. शेव्रलच्या नियमाने पिवळं कापड डोळ्याला कातडी जांभळ्याकडे झुकलेली दाखवतं. पण त्याच कापडावरून परतलेला उजेड गळ्यावर आणि जबड्याखाली पिवळी झाक टाकतो. टोपीच्या कडेवरून येणाऱ्या अशा उजेडाचा शेव्रलनेही विचार केला होता आणि तो किरकोळ मानला होता. चमकदार रेशीम, खिडकीचं ऊन आणि गळ्यापर्यंत आलेलं कापड असेल तर तो किरकोळ राहत नाही. म्हणून एकच बाई दोन सल्लागारांकडे दोन ऋतूंची ठरते, यात मला नवल वाटत नाही. रीलमध्ये तर तिसरा खेळाडू असतो. मोठं रंगीत कापड चौकटीत आलं की मोबाइलचा कॅमेरा आपोआप उजेड आणि रंगाचा तोल बदलतो, आणि चेहरा ‘उजळतो’ तो बऱ्याचदा कापडाने नाही तर कॅमेऱ्याने.

प्रयोगशाळेतला पुरावा मोजका आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात डेव्हिड पेरेट यांनी २०२१ मध्ये लोकांना पडद्यावरच्या चेहऱ्यांसाठी कपड्यांचे रंग निवडायला लावले. गोऱ्या कातडीला लोकांनी निळे आणि उन्हाने रापलेल्या कातडीला लाल-नारिंगी रंग जास्त दिले. म्हणजे कातडी बघून कपड्याचा रंग ठरवताना लोकांचं बऱ्यापैकी एकमत होतं. चार किंवा बारा पेट्या मात्र त्यातून निघत नाहीत, आणि त्या प्रयोगातले चेहरेही गोऱ्या बायकांचेच होते.