ऐतिहासिक कादंबरी की अद्भुतरम्य? हातात देण्याआधी ओळखायचं कसं

गावातल्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत लहान दर्जाच्या, ग्रंथालयात ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य कादंबऱ्या एकाच फळीवर असतात. मुखपृष्ठावर तोच किल्ला, तोच घोडा, तीच तलवार. मग देणारा फसतो आणि नेणारा चाळीसाव्या पानावरून पुस्तक परत आणतो. नाथमाधवांचंच बघा ना! त्यांची ‘वीरधवल’ अद्भुतरम्य, आणि स्वराज्याच्या उभारणीवरची त्यांची मालिका ऐतिहासिक. शेतकरी एकच, वाण वेगळं.

गाविलगड डोळ्यापुढं आणा. चिखलदऱ्याला गेलेल्यानं त्याचा तट पाहिलेलाच असतो. १५ डिसेंबर १८०३ ला हा गड इंग्रजांनी घेतला. डोंगरवाटांनी तोफा ओढत उत्तरेकडं चढवल्या, तटाला खिंडार पाडलं, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. ऐतिहासिक कादंबरीकाराला यातलं काहीच हलवता येत नाही. गड पडणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, तरी त्यानं रात्रभर जागून वाचलं पाहिजे. लेखकाला मोकळं रान मिळतं ते कागदपत्रं गप्प असतात तिथंच: आदल्या रात्री बेनीसिंग कुणाशी काय बोलला, तळ्यावर पाणी भरणाऱ्या बाईला तोफेचा पहिला आवाज कसा ऐकू आला.

अद्भुतरम्य लिहिणारा गडाला वेगळं नाव देईल, तळ्याखाली भुयार काढेल, भुयारात सिद्ध बसवेल आणि वेढा मोडूनही दाखवेल. तो त्याचा हक्कच आहे. पण त्याच्यावर दुसरं बंधन येतं, आणि ते नवे लेखक हटकून विसरतात: मंत्राला किंमत हवी. सिद्ध दर संकटात धावून येऊ लागला की वाचकाला नायकाची काळजीच उरत नाही. तिथंच पुस्तक मरतं.

शंका आली तर मधलं एखादं प्रकरण उघडा आणि अंतर व ताट तपासा. नागपूर ते गाविलगड दोनशे किलोमीटरहून जास्त. एकाच घोड्यावर स्वार एका रात्रीत पोचला, तर ते पुस्तक अद्भुत तरी आहे किंवा बेफिकीर तरी. ताटाचंही तसंच. देवगिरीच्या यादवांच्या काळातला शिपाई ज्वारीची भाकर खाईल, पण भाकरीवर मिरचीचा ठेचा आला की समजायचं लेखकानं अभ्यास केलेला नाही. मिरची आपल्याकडं पोर्तुगीजांनंतर आली, सोळाव्या शतकात. त्याआधी तिखटाला मिरी आणि पिंपळी. कल्पनेतल्या राज्यात हाच ठेचा खुशाल वाढावा.

प्रस्तावनाही चाळा. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे, साधनांची अशी चर्चा दिसली की पुस्तक कुठल्या बाजूचं ते कळतं. ‘मृत्युंजय’ मात्र दोन्हींत बसत नाही. ती पौराणिक, तिची फळी वेगळी.

पहिल्यांदाच ऐतिहासिक वाचणाऱ्याला ‘पानिपत’ देऊ नका. सरदारांची नावं, खलिते, मुक्काम यांत तो हरवतो. आधी ‘स्वामी’ द्या. माधवराव पेशव्यांभोवतीच ती फिरते. भुयारं आणि कारस्थानं मागणाऱ्या पोराला मात्र सरळ ‘वीरधवल’ द्या. ‘पानिपत’ मागाहून देताना कोण कुणाचा कोण, अशी एक चिठ्ठी पहिल्या पानात घालून ठेवा. ती चिठ्ठी पुढच्या वाचकालाही पुरते.