‘पूर्ण’ या शेऱ्याची पार्श्वभूमी : नोकरीतलं डिजिटल प्रशिक्षण आलं कुठून?

मोठ्या कार्यालयात नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याला एक लिंक येते. लॉगिन केलं की नावानिशी स्वागत, ‘तुमच्यासाठी निवडलेले कोर्स’ आणि खाली टक्केवारीची पट्टी. मी ज्या कंपनीत होतो तिथे आगीच्या सुरक्षेचा कोर्स होता. निवेदन संपेपर्यंत ‘पुढे’ हे बटण राखाडी राहायचं. आम्ही आवाज बंद करून दुसरी कामं करायचो आणि बटण निळं झालं का ते अधूनमधून येऊन बघायचो. शेवटी दहा प्रश्न, आठ बरोबर आले की प्रमाणपत्र. माझे दोन चुकले होते. कुठले, ते आजवर कळलेलं नाही. आमच्या मजल्यावरून बाहेर पडायचा जिना कुठला, हेही त्यात नव्हतं. नावापुढे मात्र ‘पूर्ण’ असा शेरा पडला.

हे कुणा एका कंपनीचं पाप नाही. या शेऱ्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात दोन वेगळ्या गरजा आहेत : माणसाला शिकवण्याची आणि तो शिकल्याची नोंद ठेवण्याची. आज दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

शिकवणाऱ्या यंत्राची सुरुवात अमेरिकेत झाली. ओहायो स्टेट विद्यापीठातले सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात चार कळांची एक पेटी बनवली. प्रश्न दिसायचा, कळ दाबायची, आणि बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न यायचा नाही. पेटी फारशी चालली नाही. मग नोव्हेंबर १९५३ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलं गणित संपवून कंटाळली होती, काही अडकली होती, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. त्यांनी लवकरच यंत्र तयार केलं : विषयाचे बारीक बारीक तुकडे, प्रत्येकाला आपापला वेग, आणि उत्तर दिल्याबरोबर निकाल.

पण नोकरीतल्या शिक्षणासाठी मला स्किनरपेक्षा नॉर्मन क्राउडर महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. अमेरिकी हवाई दलात इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ घडवणं हे त्यांचं काम. बिघाड शोधायला शिकवायचं तर वेग कमी-जास्त करून भागत नाही, माणूस विचार कुठे चुकतोय ते पकडावं लागतं. क्राउडरनी त्यासाठी पानं मुद्दाम विस्कटलेलं पुस्तक केलं. एका पानावर थोडं शिकवायचं, खाली प्रश्न आणि तीन-चार उत्तरं, प्रत्येक उत्तरासमोर वेगळा पान क्रमांक. बरोबर उत्तर निवडलं तर त्या पानावर पुढचा मुद्दा. चुकीचं निवडलं तर तिथे फक्त ‘चूक’ असं लिहिलेलं नसे. हे उत्तर निवडताना तुम्ही काय गृहीत धरलं असेल आणि ते इथे का लागू होत नाही, हे समजावलेलं असे. मग परत त्याच प्रश्नाकडे. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्याला शिकणाऱ्याच्या चुका आधीच माहीत असायला लागत. ज्याने वर्षानुवर्षं नवशिक्यांना शिकवलंय त्यालाच ते जमेल. ‘प्रत्येकाला त्याच्यापुरतं शिक्षण’ या कल्पनेचं इतकं नेमकं रूप मला नंतर क्वचितच दिसलं, आणि ते कागदावर होतं.

संगणक आल्यावर हे काम वाढलं. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डॉन बिट्झर यांनी संगणकावरून शिकवणारं ‘प्लेटो’ सुरू केलं. पुढे त्याला प्लाझ्मा पडदा आणि बोटाने स्पर्श करण्याची सोय मिळाली, आणि कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या संगणक कंपनीने ते कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी विकायला काढलं. ते फार महाग पडलं. १९८४ मध्ये शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी सांगितलं, की एकास एक शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. एवढा मोठा फरक पुढच्या अभ्यासांत फारसा टिकला नाही, पण प्रत्येकाला शिक्षक देणं परवडत नाही तर यंत्राने ते करावं, या आशेला आकडा मिळाला.

कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९०च्या दशकात अशा शिकवणाऱ्या यंत्रामागचं गणित मांडलं. प्रत्येक कौशल्यासाठी चार शक्यता धरायच्या : माणसाला ते आधीपासून येत असण्याची, या सरावातून शिकल्याची, येत असूनही हातून चूक होण्याची, आणि येत नसताना अंदाज बरोबर लागण्याची. शेवटच्या दोन्ही कुठल्याही अनुभवी शिक्षकाला ठाऊक असतात. इथे यंत्रालाही कळलं, की एक बरोबर उत्तर म्हणजे ज्ञान नव्हे. मात्र असे धडे तयार करायला तासाभराच्या शिकवणीमागे शेकडो तास खर्ची पडत. शाळेच्या बीजगणितासाठी ते परवडतं, कारण बीजगणित बदलत नाही आणि विद्यार्थी लाखो असतात. एखाद्या कंपनीची खरेदीची पद्धत दर दोन वर्षांनी बदलते आणि ती शिकणारे असतात चाळीस जण. कंपन्यांनी हा रस्ता सोडला, आणि त्यांना दोष देणं अवघड आहे.

त्यांनी धरला तो नोंदीचा रस्ता. त्याची सुरुवात झाली विमानं उडवणाऱ्यांकडून. वैमानिक आणि देखभाल कर्मचारी यांचं प्रशिक्षण झालंय हे विमान कंपन्यांना दाखवावंच लागतं, आणि विमानागणिक धडे वेगळ्या प्रणालीवर चालत होते. म्हणून १९८८ मध्ये या उद्योगाने समिती नेमून सामायिक मानकं ठरवायला घेतली. तोच धागा पकडून अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० साली ‘स्कॉर्म’ हे मानक आलं. कुणीही बनवलेला कोर्स कुठल्याही प्रणालीवर चालावा, हा त्याचा हेतू. हेतू चांगलाच होता, आणि त्याशिवाय आजचा ई-लर्निंगचा व्यवसाय उभाच राहिला नसता. पण धड्याच्या स्थितीबद्दल कोर्सने प्रणालीला काय कळवायचं, हेही त्याने ठरवून टाकलं. सर्वाधिक वापरल्या गेलेल्या १.२ या आवृत्तीत त्यासाठी सहा शब्द आहेत : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, पूर्ण, अपूर्ण, नुसता चाळला, उघडलाच नाही. क्राउडरच्या पानावरचं ‘तुम्ही हे गृहीत धरलं असेल’ या सहांपैकी कशातच बसत नाही. प्रश्नागणिक उत्तरं पाठवायची सोयही होती, पण सक्ती नव्हती, आणि मनुष्यबळ विभागाच्या अहवालाला एवढा एक शब्द पुरत होता. आमचं राखाडी बटण इथून आलं.

‘तुमच्यासाठी निवडलेले कोर्स’ याचं मूळ तिसरीकडे आहे. १९७३ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी लिहिलं, की नोकरीसाठी बुद्धिमत्ता मोजण्यापेक्षा ते काम उत्तम करणारे लोक नेमकं काय करतात ते बघा आणि ती क्षमता मोजा. (याच मॅक्लेलंडनी साठच्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांवर प्रशिक्षणाचा प्रयोग केला होता.) त्यातून पदांनुसार क्षमतांच्या याद्या तयार झाल्या आणि बढतीची चर्चा त्या भाषेत होऊ लागली. पुढे खरेदीच्या संकेतस्थळांवरचं शिफारशीचं तंत्र या याद्यांना जोडलं गेलं. लिंक्डइनने २०१५ मध्ये लिंडा ही व्हिडिओ-कोर्सची कंपनी दीड अब्ज डॉलरला घेतली, ती याच जोडणीसाठी : माणसाचं पद एकीकडे, कोर्स दुसरीकडे. इथे ‘तुमच्यासाठी’ याचा अर्थ पार बदलला. तुम्ही कुठे अडकलात हे कुणी विचारत नाही, तुमच्यासारख्या पदावरच्यांनी काय पाहिलं ते सांगितलं जातं.

आपल्याकडे शिकणं आणि बढती यांची गाठ फार जुनी आहे. बँकेतल्या माणसाला जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा म्हणजे काय आणि त्यांवर वेतनवाढ कशी मिळते हे सांगावं लागत नाही. त्या परीक्षा घेणारी संस्था मुंबईत १९२८ पासून आहे. महसूल खात्यात अर्हता परीक्षा पास झाल्याशिवाय लिपिकाला अव्वल कारकुनाच्या दर्जाची बढती मिळत नाही. २००१ मध्ये एमकेसीएल या कंपनीची एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा आली. सरकारी नोकरीत तिला मान्यता मिळाली, आणि संगणक परीक्षा न दिलेल्यांच्या वेतनवाढी अडवल्या गेल्या, तेव्हा पन्नाशीतले कर्मचारी मुलांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून माउस धरायला शिकले. पडद्यावरचे धडे आणि पडद्यावरची परीक्षा महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी पहिल्यांदा अनुभवली ती तिथे.

केंद्रात २०१२च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने क्षमताधारित प्रशिक्षणाची भाषा स्वीकारली. २ सप्टेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली : पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये, सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी. त्याचं व्यासपीठ ‘आयगॉट’. प्रत्येक पदाची भूमिका, त्यातली कामं आणि त्यांना लागणाऱ्या क्षमता लिहून काढायच्या आणि कोर्स त्यांना जोडायचे, ही त्याची मूळ रचना. नियमाऐवजी भूमिकेवर आधारलेलं प्रशासन, असं ते शब्दांत मांडलं गेलं. मॅक्लेलंडची यादी दिल्लीत पोचली ती अशी. व्यासपीठावर आता राज्यांचे कर्मचारीही आहेत, आणि २०२५ मध्ये केंद्राने ठरवून दिलेले कोर्स पूर्ण करणं वार्षिक कामगिरी अहवालाशी जोडलं. ज्याला आपले लोक अजून सीआर म्हणतात, त्यात आता ‘पूर्ण’ हा शब्द मोजला जातो.

माझी भाची ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीच्या भाषेत तलाठी आहे. मोबाइलवर तिचे कोर्स चालू असतात, आणि विभागीय परीक्षेसाठी एका निवृत्त अव्वल कारकुनांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही ती आहे. ते रोज एक प्रश्न टाकतात. मध्यंतरीचा प्रश्न होता : वारस नोंदीच्या फेरफारावर मुदतीत हरकत आली, तर तुम्ही काय कराल? हिने लिहिलं, दोन्ही बाजू ऐकून निर्णय देईन. रात्री त्यांचा आवाजी निरोप आला. “बाळ, तुला वाटलं गावात तू आहेस म्हणजे निकालही तूच द्यायचा. तू नोंद घेणारी. हरकत आली की विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवायची, पोच द्यायची आणि वर पाठवायचं. आता पुन्हा लिही.” तिने पुन्हा लिहिलं.